न परतलेल्यांचे नाव कोणत्या यादीत लिहायचे?



डिसेंबरचा पहिला आठवडा आला की आपल्या जिल्ह्याला आता एका सोहळ्याची आठवण होते. ४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. आपल्यापैकी काही जण मुलाबाळांना घेऊन मालवणपर्यंत गेले होते, बाकीच्यांनी तो टी.व्ही.वर पाहिला. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला, त्या विजयाचा हा दिवस. त्यानंतर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. ओरोसच्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून निधी गोळा होतो, छातीवर छोटासा कागदी ध्वज लागतो.

या दोन तारखांच्या मधे ५ डिसेंबर येतो. त्या दिवशी सोहळा नाही, निधी नाही. आज आम्ही त्या तारखेविषयी थोडे बोलणार आहोत.

१९७१ साली ५ डिसेंबरला रविवार होता, आगमनकाळाचा दुसरा रविवार. त्या दिवशी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे भारतीय हवाई दलाचे तरुण वैमानिक सुखोई-७ जातीचे विमान घेऊन पाकिस्तानी पंजाबातल्या शोरकोटच्या विमानतळावर चाल करून गेले. खालून झालेल्या माऱ्यात त्यांचे विमान पडले. ते परत आले नाहीत. त्याच सुमारास पूर्व पाकिस्तानातून निघणाऱ्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापून आली. तिच्यात एक नाव ‘टॉम्बे’ असे होते. इंग्रजीत तांबे हे नाव लिहिताना एखाद्या परक्या बातमीदाराची जेवढी चूक व्हावी तेवढीच ती चूक होती.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ती बातमी वाचल्यावर कोणत्याही घराला जे वाटेल तेच त्या घराला वाटले असणार : पकडले आहेत म्हणजे जिवंत आहेत, युद्ध संपले की येतील. युद्ध १६ डिसेंबरला संपले. पुढे भारताने आपल्या ताब्यातले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धबंदी व नागरिक परत पाठवले. पाकिस्ताननेही भारतीय युद्धबंदी सोडले. सुटून आलेल्यांत विजय तांबे नव्हते.

असे न परतलेले ते एकटे नाहीत. १९७१ च्या युद्धातल्या अशा ५४ सैनिकांची आणि वैमानिकांची यादी आजही सरकार-दरबारी आहे. ते आपल्याकडे आहेत, असे पाकिस्तानने कधी मान्य केले नाही. १९८३ साली काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग पाहण्यासाठी नेण्यात आले. जून २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. त्यांच्यात दमयंतीबाई होत्या. हाती काही लागले नाही. मधल्या काळात अमक्याने अमक्या तुरुंगात पाहिले अशा वार्ता येत राहिल्या. पक्का पुरावा म्हणता येईल असे त्यांतून निघाले नाही, आणि खोटे म्हणून सोडून द्यावे इतके ते फोलही नव्हते. पुराणातल्या दमयंतीला तिचा नळ शेवटी सापडला. या दमयंतीच्या वाट्याला फक्त शोध आला.

ही गोष्ट पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीची, दूरच्या रणांगणावरची. ती आम्ही ओरोसच्या पत्रिकेत का लिहितो आहोत? कारण तीच गोष्ट एका वेगळ्या रूपात आमच्या दप्तरात येऊन बसली होती.

मागे एका नोव्हेंबरमध्ये एक भगिनी मृतांच्या नावांचा लिफाफा घेऊन आल्या. आपण सारे त्या महिन्यात असा कागद देतो आणि मग मिस्सामध्ये त्या नावांसाठी प्रार्थना होते. त्यांच्या कागदावर आईवडील होते, सासूसासरे होते. शेवटी एक नाव लिहून खोडले होते, पुन्हा लिहिले होते आणि पुन्हा खोडले होते. ते त्यांच्या भावाचे होते. बऱ्याच वर्षांपूर्वी तो मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि आला नाही. बोटीची एक फळीदेखील सापडली नाही. त्यांनी विचारले, “फादर, हे नाव ह्या यादीत लिहू की नको?”

बाहेर लोक थांबले होते. आम्ही म्हणालो, “इतकी वर्षे झाली, आता लिहून टाका.” त्यांनी मान हलवली, नाव लिहिले आणि त्या गेल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे आम्ही उशिरा पाहिले. आपल्या भावाच्या मरणावर आपण स्वतःच्या हाताने सही केली, असे काहीसे त्या चेहऱ्यावर होते. प्रश्न केवढा होता आणि आम्ही तो दोन मिनिटांत उरकला, ही टोचणी तेव्हापासून आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो म्हणजे घाईत दिलेले उत्तर शहाणपणाचे ठरत नाही. म्हणून आज सावकाश विचार करू या.

पहिली बाजू अशी. जे घडले ते मान्य करावे, त्यातच माणसाचे भले आहे. जो वर्षानुवर्षे आला नाही त्याची वाट पाहत बसणे म्हणजे जिवंत माणसाने स्वतःचे आयुष्य थांबवून ठेवणे. या बाजूत कठोरपणा आहे असे समजू नये. तिच्यात दयासुद्धा आहे. घर चालवायचे असते, मुलांच्या फिया भरायच्या असतात, सात-बाऱ्यावरचे नाव बदलायचे असते. म्हणूनच आपल्या देशाचा कायदा म्हणतो की, ज्यांना एखाद्याची वार्ता सहज कळली असती त्यांनाही जर सात वर्षे त्याविषयी काही कळले नाही, तर तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. या नियमाने कितीतरी विधवांना आधार मिळाला आहे. कायदा इथे कोणाला मारत नाही, तो फक्त मागे राहिलेल्यांची अडलेली वाट मोकळी करतो.

पण आपल्या ख्रिस्तसभेचा नियम पाहा. जोडीदार बेपत्ता असेल तर केवळ वर्षे मोजून ती त्याला मृत धरत नाही. गैरहजेरी कितीही लांबली तरी तेवढी पुरेशी नाही, असे धर्मसभेच्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. साक्षीदार, लोकांतली वार्ता, परिस्थितीच्या खुणा हे सारे तपासून महागुरूंच्या मनाला खात्री पटली तरच तसा निर्णय देता येतो. हा नियम कित्येकांना जाचक वाटतो आणि त्याची झळ खरीच असते. तरी त्याच्या मागे एक विचार आहे : मृत्यू ही एक घटना आहे, ती घडली आहे की नाही हे कॅलेंडर ठरवू शकत नाही.

आता दुसरी बाजू. ती म्हणते, जोवर ठाऊक नाही तोवर मेला म्हणू नये. उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब आठवा. मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकला. पुरावा समोर होता. याकोबाने तो मानला आणि शोक केला. योसेफ मात्र मिसर देशात जिवंत होता. पुराव्यासारखे दिसणारे सगळेच पुरावे नसतात.

ही जुन्या करारातलीच गोष्ट आहे असे नाही. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले. केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर शेकडो घरांत आकांत झाला. त्यांतली पुष्कळ घरे आपल्यासारखीच कॅथलिक होती. आणि मग डिसेंबरच्या सुरुवातीला बातमी आली की ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार आपल्याच देवगडला सुखरूप लागले आहेत. बोटी तिकडच्या, माणसे तिकडची, आणि त्यांना आसरा मिळाला तो आपल्या बंदरात. त्या नऊशेबावन्न घरांपैकी एखाद्या घराने दोन दिवस आधी हार मानून मेणबत्ती लावली असती, तर त्याला आपण दोष दिला नसता. पण ते चुकले असते. त्याच वादळातली कितीतरी माणसे मात्र कुठल्याच बंदराला लागली नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

युद्धातही तसेच. विजय तांबे पडले त्यानंतर पाच दिवसांनी, १० डिसेंबरला, आणखी एक मराठी वैमानिक पडले : फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. हे आडनाव ऐकले की आपल्याला वेंगुर्ल्याकडचे परुळे आठवते. ते युद्धबंदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ते निसटले, पेशावरच्या पुढे अफगाण सरहद्दीच्या जवळ पोहोचले आणि तिथे पुन्हा पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते सुटून मायदेशी आले. दीर्घ आयुष्य जगून २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. एकाच युद्धात, एकाच जातीच्या विमानातून पाच दिवसांच्या अंतराने दोघे पडले. एका घरी माणूस आला. दुसऱ्या घरी प्रश्न राहिला.

मग दुसरी बाजूच बरोबर, असे म्हणावे काय? तेही सोपे नाही. २०१४ साली इराकमधल्या मोसूल शहरात ४० भारतीय कामगारांना अतिरेक्यांनी धरले. एक जण निसटून आला आणि बाकीचे मारले गेले, असे त्याने सांगितले. सरकारने ते मानले नाही. ठोस पुराव्याशिवाय कोणाला मृत म्हणणे हे पाप ठरेल, अशी भूमिका तेव्हाच्या परराष्ट्र मंत्र्यांनी संसदेत घेतली होती. मार्च २०१८ मध्ये, अवशेष सापडून तपासणी झाल्यावर, ३९ जणांचा मृत्यू जाहीर झाला. जवळजवळ चार वर्षे ती घरे आशेवर होती. पुरावा नसताना मृत न म्हणणे हे तत्त्व चुकीचे होते, असे आम्हांला म्हणता येत नाही. पण ज्या घरांना ‘ते आहेत’ असा अर्थ त्यातून लागला, त्यांचे दुःख दुप्पट झाले. ‘ठाऊक नाही’ आणि ‘आहेत’ यांत फरक आहे. तो न सांभाळला तर आशाच जखम करते.

तेव्हा दोन्ही बाजूंची चूक एकाच जागी आहे असे आम्हांला वाटते. पहिली म्हणते ‘मेला असणार’, दुसरी म्हणते ‘जिवंत असणार’. दोघींनाही न कळणारी गोष्ट कळल्यासारखी बोलायची आहे. न कळण्याचे ओझे दोघींनाही नको आहे.

इथे आम्हांला सेमिनरीत वाचलेले एक नाव आठवते : गाब्रिएल मार्सेल. हे फ्रेंच तत्त्वज्ञ १८८९ साली जन्मले आणि पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९२९ मध्ये, कॅथलिक झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी रेड क्रॉसमध्ये काम केले. काम कोणते? बेपत्ता सैनिकांची माहिती मिळवून त्यांच्या घरच्यांना कळवणे. समोर प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असायचे : नाव, पलटण, शेवटचे कुठे दिसला. आणि कार्डाच्या पलीकडे एखादी आई किंवा पत्नी असायची. कार्डावर जे मावते ते आणि तिला जे विचारायचे आहे ते, यांत किती अंतर आहे हे त्यांना तिथे रोज दिसले. त्यांच्या पुढच्या साऱ्या विचारावर त्या कामाची छाप आहे.

आशा म्हणजे अंदाज नव्हे, असे मार्सेल सांगतात. ‘तो अमुक दिवशी येईलच’ ही अपेक्षा झाली. ती खरी ठरेल किंवा मोडेल. आशा एखाद्या निकालाला चिकटून नसते, ती एखाद्या माणसाशी आणि शेवटी देवाशी बांधलेली असते. अपेक्षा सरळ भविष्य सांगू पाहते. आशा म्हणते, पुढे काय आहे ते मला दिसत नाही, पण तुझे-माझे नाते मी तुटलेले मानत नाही. म्हणून आशेला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची भीती वाटत नाही.

अमेरिकेतल्या पॉलीन बॉस या अभ्यासक वेगळ्या वाटेने जवळपास इथेच आल्या. १९७० च्या दशकात त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. अशा दुःखाला शेवट नसतो, कारण तेराव्याचा दिवस उगवत नाही, कबर नसते. ही कुटुंबे सावरतात ती ‘गेला’ किंवा ‘आहे’ यांपैकी एक निवडून नव्हे. ती दोन्ही एकत्र धरायला शिकतात : कदाचित तो गेला असेल, कदाचित नसेल, आणि तरी उद्या सकाळी उठून चूल पेटवायची आहे.

पवित्र शास्त्रात हे कोणी जगून दाखवले आहे का? आहे. तोबिताच्या पुस्तकात मुलगा दूरदेशी गेला आहे आणि परतायला उशीर होतो आहे. बाप म्हणतो, तो सुखरूप आहे. आई अन्ना म्हणते, माझा मुलगा गेला, मला फसवू नका. आणि हीच आई रोज घराबाहेर जाऊन त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते. तोंड म्हणते ‘मेला’, पाय रस्त्याकडे जातात. तिला आपण वेडी म्हणत नाही. शास्त्रानेही म्हटलेले नाही. ज्या बंदराच्या गावांत आपण वाढलो तिथे अशा अन्ना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

दमयंती तांबे यांच्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो. त्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात नोकरी केली, खेळाच्या मैदानावर पिढ्या घडवल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. आयुष्य थांबवून ठेवले नाही. आणि त्याच हाताने अर्ज लिहिले, मंत्र्यांची दारे ठोठावली, पाकिस्तानातल्या तुरुंगांच्या वह्या चाळल्या. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही म्हणून त्यांचे मोठेपण आहे, असे कोणी समजू नये. त्याच प्रसंगात एखादीने रीतसर निर्णय मिळवून नवा संसार मांडला असता, तर तिच्या निष्ठेवर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. वाट पाहणे ही भेट म्हणून द्यायची गोष्ट आहे. समाजाने ती बाईकडून वसूल करायची नसते. पुरुष बेपत्ता झाला की बाईच्या कुंकवावर आणि साडीच्या रंगावर गावभर चर्चा होते. ती आपल्या ख्रिस्ती वाड्यांतही होते, हे कबूल करू या.

मग आपले, म्हणजे बाहेरच्यांचे, कर्तव्य काय? पहिले कर्तव्य सत्याचे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या सैनिकाचे नाव त्याच्या देशाला कळवावे लागते. त्यामागे साधी गोष्ट आहे : ‘तो कुठे आहे’ हे कळणे हा त्याच्या घरचा हक्क आहे. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांकडच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यांत समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून धरलेले मच्छीमारही असतात. अशी यादी म्हणजे कोणाच्या तरी अन्नाला मिळालेले उत्तर असते. आणि हा हक्क पलीकडच्या आईलाही आहे. आपल्या बाजूच्या तुरुंगात एखादे नाव वहीत चढायचे राहिले असेल, तर तेही तेवढेच पाप आहे.

दुसरे कर्तव्य सोबतीचे. बेपत्ता माणसाच्या घरी आपण सांत्वनाला जात नाही, कारण काय बोलावे ते सुचत नाही. मेला असता तर गेलो असतो, आला असता तर गेलो असतो. मधल्या अवस्थेत ते घर एकटे पडते. तिथे जाऊन ‘तो येईल’ म्हणू नये, ‘आता विसरा’ही म्हणू नये. त्याचे नाव घ्यावे, त्याच्याविषयी विचारावे, चहा घ्यावा, बसावे.

तिसरे कर्तव्य प्रार्थनेचे, आणि इथे आमच्या चुकीकडे परत येतो. जिवंतासाठी मागावे की मृतासाठी, हे ठाऊक नसेल तर प्रार्थना चुकते काय? पत्र पोस्टात टाकताना पत्ता आपल्याला पुरा लिहावा लागतो. प्रार्थना ज्याच्याकडे जाते त्याला पत्ता आधीच ठाऊक आहे. प्रभू येशूने शिकवले की देव हा जिवंतांचा देव आहे, त्याच्या दृष्टीने सर्व जण जिवंतच आहेत. आपल्याला दोन याद्या लागतात, त्याला लागत नाहीत.

त्या भगिनींना आम्ही नंतर भेटलो आणि घाईत बोललो याबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “फादर, मला मिस्सा पाहिजे होता. यादी नको होती.” त्यांना हे आधीच कळले होते, आम्हांला इतके वाचून कळले.

म्हणून यंदापासून एक छोटा बदल करत आहोत. मृतांच्या नावांच्या पेटीशेजारी एक साधी वही ठेवली आहे. तिच्यावर ‘देवाला ठाऊक असलेले’ एवढेच लिहिले आहे. समुद्रावर गेलेले, मुंबईला किंवा परदेशी जाऊन ज्यांची वार्ता थांबली ते, घर सोडून गेलेले, अशा कोणाचेही नाव तिच्यात लिहावे. मागे नोव्हेंबरच्या यादीत कोणी मन मारून नाव लिहिले असेल, तर ते इकडे आणता येईल. या रविवारच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण ती नावे वाचू. पहिल्या पानावर आम्ही एक नाव लिहिले आहे, जे आपल्या धर्मग्रामातले नाही आणि आपल्या धर्माचेही नाही : विजय वसंत तांबे. त्याखाली त्या भगिनींनी आपल्या भावाचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. या वेळी ते खोडलेले नाही.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू